विनायकजवळ दिलेली पार्सलं

अध्यक्षसाहेब, मंडळाची माणसं, वहिनी, भाभी, आणि मागे जिन्यात उभे असलेले तुम्ही सगळे. आत या ना. खुर्च्या संपल्या असतील तर खाली बसा, सतरंजी आहे. जिन्यात उभं राहून कुणाची शोकसभा ऐकतात का?

मी इस्माईल. नवीन चेहरे पुष्कळ दिसतायत म्हणून ओळख सांगतो. इथे बहारीनमध्ये, तुबलीत, एसीच्या कंपनीत मी काउंटरला बसतो, बिलं करतो. विनायक त्याच कंपनीत मेकॅनिक होता. इथे गुदैबियात आम्ही एका खोलीत राहिलो, एकोणतीस वर्षं. त्याची खाट खिडकीखाली, माझी दाराजवळ. माझ्या बायकोबरोबर मी किती राहिलो म्हणाल, तर सगळ्या सुट्ट्या जोडल्या तरी तीन वर्षं भरणार नाहीत. तेव्हा माझं कोण गेलं ते तुम्हीच समजा.

मला बोलता येत नाही. मला भांडता येतं. विनायकच म्हणायचा, "इस्माईल, तू दुआसुद्धा भांडल्यासारखी मागतोस." तर आज आवाज चढला तर पदरात घ्या. कुणावर चढला हे मलाही ठाऊक नाही.

या टेबलावर फुलांच्या शेजारी चंदेरी टेप गुंडाळलेली पार्सलं ठेवलीत. मघापासून तुम्ही तिकडे बघताय. फोटोला हार घालताना एकदोघांनी हात लावूनही बघितला. त्यांच्याकडे येतो मी. आधी माणूस सांगू द्या.

हा फोटो. धूसर दिसतोय ना? सीपीआर कार्डावरचा आहे, तो मोठा केलाय. तुमच्या आमच्या खिशात जे ओळखीचं कार्ड असतं, तेच. गावाहून त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, चार फोटो पाठवले होते. त्यांत तो इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलाय, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, हा नको. हा आमचा विनायक नाही, हा सुट्टीवर आलेला विनायक आहे. मग कार्डावरचा घेतला. निदान त्यात तो कामावर चाललेला दिसतो.

आम्ही दोघं एकाच खाडीचे. तो अलीकडच्या वाडीतला, मी पलीकडच्या मोहल्ल्यातला. माझ्या पडवीतून त्याच्या वाडीतले दिवे दिसतात. पण जन्मात कधी ओळख नव्हती. ओळख झाली ती इथे, खोलीत. त्याने पहिल्या दिवशी विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "मग समोरच की ओ तुम्ही!" आणि हसायला लागला. समोरचा माणूस भेटायला समुद्र ओलांडून यावं लागलं, असं म्हणून हसत होता. नंतर वर्षभर येईल त्याला हेच सांगायचा. कंटाळा आणला त्याने.

एसीत त्याचा हात कसा होता हे मी सांगत नाही, जुफैरच्या त्या उंच बिल्डिंगांतली निम्मी माणसं सांगतील. मी तुम्हाला त्याचं दुसरं काम सांगतो. ते त्याला कुणी दिलेलं नव्हतं.

सुट्टीवरून येणारा माणूस दुसऱ्यांची पार्सलं आणतो. आपण सगळेच आणतो. पण कसे आणतो? कुरकुरत. माझंच वजन जास्त झालंय, अर्धा किलो कमी कर, सोडे नकोत बाबा, वास येतो. विनायक कधी कुणाला नाही म्हणाला नाही. आमसुलं द्या, कुळथाचं पीठ द्या, फणसाची साठं द्या, सोडे द्या, सगळं चालायचं. त्याची एक रीत होती. एसीच्या डक्टला लावतात ती चंदेरी टेप. तिचं एक रीळ तो सुट्टीवर जाताना बॅगेत टाकायचा. पार्सल आधी प्लास्टिकमध्ये, मग कागदात, मग वरून टेप अशी की आतली हवासुद्धा हलायची नाही. सोड्यांचा वास? मफी! नावाला नाही! विमानात शेजारी बसलेल्याला पत्ता लागायचा नाही. टेपवर काळ्या मार्करने नाव. कुणाकडून, कुणाला.

आणि आल्याच्या पहिल्या शुक्रवारी तो घरोघर फिरायचा. तुमच्यातल्या किती जणांच्या दारात तो उभा राहिलाय? हात वर करा. बघा. बघा किती हात आहेत. आणि आठवतंय ना तो काय करायचा? पार्सल हातात द्यायचा आणि उंबऱ्यातच उभा. "चहा घेणार?" नको. "बसा की!" नको. "आधी घरी फोन लावा आणि पोचलं म्हणून सांगा." तुम्ही म्हणायचे, लावतो रे दादा नंतर. तो म्हणायचा, नंतर नाही, आत्ता. गावची बाई फोनकडे डोळे लावून बसलेली असते. तुम्ही वैतागून फोन लावायचे. तिकडून आवाज यायचा, "पोचलं का?" तुम्ही म्हणायचे, पोचलं. हे ऐकलं की हा म्हणायचा, "चला, आता मी जातो." त्याआधी हलायचा नाही. किती शिव्या घातल्या असतील लोकांनी त्याला त्या उंबऱ्यात!

आता सुट्टीचं बोलतो. मंडळी, दोन वर्षांनी आपण घरी जातो ते कसे जातो? पाहुणे म्हणून जातो. खोटं असेल तर उठून सांगा. घरी पोचल्यावर चांगलं ताट आपल्याला, चांगली चादर आपल्याला. मुलं दोन दिवस लाजतात, तिसऱ्या दिवशी जवळ येतात, आणि जवळ आली की आपली बॅग भरायची वेळ होते. गावात बाहेर पडलं की दोन प्रश्न. कधी आलास? कधी जाणार? एका श्वासात विचारतात. मधे श्वासही घेत नाहीत. त्यात वाईट काही नाही हो. त्यांना तेवढंच माहीत आहे आपलं. आपणही हसून सांगतो, वीस तारखेला, पंचवीस तारखेला. चालतं. सुट्टीवर असतो तोवर चालतं.

मग धाकट्या मालकाने कारभार हातात घेतला आणि विनायकचा व्हिसा रिन्यू करायचा नाही म्हणून सांगितलं. वय झालं. बोलला चांगलं, पाठीवर हात ठेवून बोलला. "खलास, विनायक. गो होम. रेस्ट." मी काउंटरवर होतो, माझ्यासमोर बोलला. विनायकने मान हलवली आणि हातातला गॅसचा गेज पुसून जागेवर ठेवला. जागेवर ठेवला तो. नवीन पोरं कुठेही टाकतात.

आणि आपण काय केलं? याच हॉलमध्ये निरोप समारंभ केला. शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. आता आराम करा. आता नातवंडांत रमा. आता घरचं जेवा. केवढी आयुष्यभराची धावपळ, आता सुटलात! मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. चूक कुणाची म्हणू? आपल्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून तेच सांगितलंय, की एक दिवस घरी जायचं. तेवढ्या एका गोष्टीवर आपण इथले उन्हाळे काढतो. ज्याला ती मिळाली त्याला आपण शाल देणारच.

त्या दिवशी समोरच्या रांगेतली एक चिमुरडी स्टेजवर आली, फूल घेऊन. आपल्या मुलांना मराठी समजतं पण बोलतात इंग्लिश. तिने विचारलं, "अंकल, व्हेन आर यू कमिंग बॅक?" सगळा हॉल हसला. विनायक खाली वाकून म्हणाला, "इंशाल्ला." मग तर आणखीच हसले सगळे. तुम्हाला ती गंमत वाटली. मी त्याच्या बाजूला उभा होतो. तो गंमत करत नव्हता.

हॉलमधून आम्ही चालत घरी निघालो. गल्लीतल्या बेकरीपाशी तो थांबला आणि दोन खुबूस घेतले. पोट तुडुंब भरलेलं दोघांचं. मी म्हटलं, "वेडा का तू, कशाला?" म्हणाला, "सकाळी लागतील." गरम खुबूस कागदात गुंडाळून हातात धरून चालत होता. मग मला म्हणाला, "इस्माईल, गावी शुक्रवारी काय करतात रे?"

तुम्हीच सांगा, काय करतात?

तो गेला. सुमनवहिनींबद्दल, मुलाबद्दल, सुनेबद्दल कुणी वेडंवाकडं बोलू नका. इथेच सांगतो. मघाशी जिन्यात कुणीतरी कुजबुजलं, घरच्यांनी बघितलं नाही म्हणून. जीभ आवरा. त्यांनी बघितलं. नको इतकं बघितलं. गणपतीच्या आधी मी सुट्टीवर होतो, तर खाडी ओलांडून त्याच्याकडे गेलो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलोय.

दारातला दिवा गेलेला होता. तो स्टूल घेऊन बघायला उठला, तर सून धावत आली. "बाबा, राहू द्या, तुम्ही बसा. हे येतील ते बघतील." तो बसला. चहा आला, वेगळ्या कपात. त्याच्या एकट्याच्याच कपाला बशी होती. बोलता बोलता मुलगा आला, बापाला वाकून नमस्कार करून आत गेला. रोज करतो म्हणे. रोज! सांगा, कामावरून घरी आल्यावर रोज कुणी बापाच्या पाया पडतं का? पाहुण्याच्या पडतात. ज्या घरात हा इतकी वर्षं नव्हता, ते घर त्याच्याशिवाय चालायला शिकलं होतं. चांगलं शिकलं होतं. त्यानेच तर शिकवलं, दर महिन्याला इथून पाठवून पाठवून.

आतल्या खोलीत गेलो तर खाटेखाली त्याची बॅग. मी म्हटलं, अजून उघडली नाहीस? तर बॅग उघडीच होती. कपडे आत, साबण आत, दाढीचं सामान आत. वहिनी म्हणाल्या, "काय सांगू भावजी, मी कपाटात लावत्ये आणि ह्ये रात्री परत बॅगेत भरतात. कपाटात आर्धा खण रिकामा करून दिलाय ओ मी." विनायक बाजूला बसून हसत होता. म्हणाला, "हाताला सवय आहे ती. सुटेल."

मग मला ओसरीवर नेऊन सगळं विचारत बसला. बेकरीवाला आहे का? वर्कशॉपमधल्या मांजरीला पिल्लं झाली का? तुबलीच्या बाजूने संध्याकाळी वारा सुटतो का अजून? माझ्या खाटेवर कोण आलं? मी म्हटलं, साताऱ्याचा एक ड्रायव्हर आलाय, आठवड्यातच आला. तो म्हणाला, "उंच आहे का? उंच असला तर त्याला सांग, खिडकीच्या गजाला डोकं लागतं. उठताना डावीकडून उठायचं." मी म्हटलं, सांगतो. आणि तो हळूच म्हणाला, "इस्माईल, मला इथे तिकडची आठवण येते हे कुणाला सांगायची लाज वाटते रे. म्हणतील, त्या वाळवंटात काय ठेवलंय ह्याचं?"

काय ठेवलंय? सांगा ना आता. व्हिसा संपला की एक खाट नाही आपल्या नावाची. तिशी गेली, चाळिशी गेली, केस पिकले, आणि एका सहीने आपण इथले कुणी नाही. हे आपल्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्याचं दुःख नाही मला. पण तिथलेही कुणी नाही, हे कुणी सांगितलं होतं?

आणि तो प्रश्न. दुकानात गेला की, "काय विनायकशेठ, कधी जाणार?" देवळात गेला की, "कधी जाणार?" पिठाच्या गिरणीवर, होडीच्या तरीवर, सगळीकडे. सुरुवातीला तो सांगायचा, "आता फायनल आलो, कायमचा." लोक हसायचे. "तुम्ही लोक दरवेळी असंच म्हणता ओ." दोन महिने गेले, चार महिने गेले, लोकांचं विचारणं काही थांबेना. मग एक दिवस दुकानदाराने विचारलं तेव्हा विनायक म्हणाला, "दिवाळीनंतर."

हे त्याने मला स्वतः सांगितलं, फोनवर. मी म्हटलं, "गाढवा, असं का सांगितलंस?" म्हणाला, "त्याला बरं वाटलं रे. आणि मला पण." सुटसुटीत झालं म्हणाला. लगेच उत्तर देता आलं म्हणाला.

पण आपल्याकडे बातमी कशी फिरते? विनायक साळवी दिवाळीनंतर बहारीनला चाललाय, ही बातमी वाडीत फिरली, खाडी ओलांडून आमच्या मोहल्ल्यात पोचली. आणि लोकांनी काय केलं? जे दरवेळी करतात ते. पार्सलं आणून दिली. ह्याच्या बहिणीने दिलं, त्याच्या आईने दिलं. दारात येऊन देऊन गेले, "विनायकदादा, एवढं नेशील ना?" आणि त्याने नाही म्हटलं नाही. जन्मात कधी म्हटलं नव्हतं, आता कसा म्हणणार? घेतली. चंदेरी टेप लावली. मार्करने नावं घातली.

माझी बायको जुबेदा फोनवर म्हणाली, "विनायकभाई निघालेत ना, त्यांच्याजवळ सोडे दिलेत तुमच्यासाठी." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "ऐकताय ना?" मी काय सांगणार होतो तिला? की त्याचं विमान नाही, व्हिसा नाही, तो कुठे जात नाहीये? ती रोज त्याच्या वाडीतले दिवे बघते. तो सहा महिने समोर बसलाय हे तिला माहीत आहे. तरीसुद्धा तिच्या डोक्यात एवढंही आलं नाही की आखातातला माणूस घरी राहूही शकतो. माझ्या बायकोच्या, मंडळी. माझ्या.

मी त्याला फोन लावला. "अरे, काय चालवलंयस तू?" तो हसला. "येतो रे बाबा. शुक्रवारी भेटू." एवढंच म्हणाला. गमतीत म्हणाला की खरं म्हणाला, मी इथून कसं ओळखू?

दिवाळी झाली. लोकांना तारीख सांगितलेली होती. त्या दिवशी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून बॅग घेऊन निघाला. वहिनींना म्हणाला, जरा तालुक्याला जाऊन येतो. वाटेत लोकांनी हात केले, "चाललात काय शेठ? बरं, सांभाळून जा." तो तालुक्याच्या एसटी स्टँडवर जाऊन बाकड्यावर बसला. संध्याकाळी परत आला, अंधार पडल्यावर, कुणी बघू नये म्हणून मागच्या पाणंदीने. दुसऱ्या दिवशी परत गेला. वहिनींचा फोन आला मला. रडत होत्या. "भावजी, आजपन बॅग घेऊन गेले ओ. लोकांना सांगितलंय म्हणतात, आता गावात तोंड कसं दाखवू म्हणतात." मुलाने समजावलं, डॉक्टरकडे नेतो म्हणाला. ह्याने त्याला हो म्हटलं, आणि सकाळी परत बॅग उचलली.

त्या दिवशी सकाळपासून तो त्या बाकड्यावर बसलेला होता. पाय बॅगेवर. मुंबईच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, शेठ गाडीची वाट बघतायत. बाजूला बसलेल्या बाईला वाटलं, डोळा लागलाय. दुपार झाली, ऊन तोंडावर आलं, तरी माणूस सरकेना, तेव्हा कुणीतरी खांद्याला हात लावला.

एवढंच. हार्ट, म्हणाले.

मघाशी अध्यक्षसाहेब बोलले, विनायक भाग्यवान, मायभूमीत देह ठेवला. साहेब, तुम्ही मोठे आहात, मनात राग नाही. पण एसटी स्टँडच्या बाकड्यावर देह ठेवला त्याने. बॅग भरून, पाय बॅगेवर टाकून ठेवला. त्याला मायभूमी म्हणू नका आज. निदान माझ्यासमोर म्हणू नका.

ही ती पार्सलं. परवा आपला रमाकांत सुट्टीवरून आला, निघताना सुमनवहिनींनी ती बॅग आहे तशी त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, ह्यांनी लोकांचं घेतलंय, ते पोचायला हवं. रमाकांतने स्वतःचं सामान कमी करून ती आणली. रमाकांत, तुझं भलं होवो. मी नावं वाचलेली आहेत, सगळी माणसं या हॉलमध्ये आहेत. एक टेप उकललेली नाही. वास घेऊन बघा, वास नाही.

आता माझं. माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे. धाकट्या मालकाचा माझ्याही पाठीवर हात ठेवून झालाय. तुमच्यातल्या दोघांनी काल मला हॉलची तारीख विचारली. मला वाटलं आजच्या सभेची विचारतायत. ते माझ्या निरोप समारंभाची विचारत होते. प्रेमाने विचारत होते, मला कळतं. शालीचा रंगसुद्धा ठरवलाय म्हणे.

नको. हात जोडतो, नको. शाल नको, नारळ नको, घड्याळ तर अजिबात नको. आता आराम करा, हे मला कुणी माईकवरून सांगायचं नाही. मी जाणार, न जाऊन सांगतो कुणाला? मार्चमध्ये मी माझ्या पडवीत बसलेला असेन आणि समोर त्याच्या वाडीतले दिवे दिसतील. लोक येतील, विचारतील. मी भांडखोर माणूस, मी कदाचित सांगेन, नाही जाणार, मरेपर्यंत नाही जाणार, काय करायचं ते करा. किती दिवस सांगेन? विनायक माझ्यापेक्षा शहाणा होता, शांत होता. त्याचं चार महिन्यांत संपलं.

कुणाकडे उपाय असेल तर सांगा. मी रात्रंदिवस शोधतोय. तुम्ही तरुण आहात, तुम्ही म्हणता, आम्ही वेळेत परत जाऊ. आम्हीही म्हणायचो. तुम्ही म्हणता, फॅमिली इकडे आणू. आणा. मग मुलं कुठली म्हणून सांगतील ते त्यांना विचारून बघा. मला धीर द्यायला उभं केलं असेल तर माणूस चुकलात तुम्ही. धीर माझ्याकडे नाही.

त्या बॅगेत माझ्या नावाचंही एक पार्सल आहे. जुबेदाकडून, इस्माईलला. त्याच्या अक्षरात. ते मी उघडलेलं नाही आणि घरी फोनही केलेला नाही. सोडे पोचले म्हटलं की ती विचारणार, आता तुम्ही कधी येताय? आणि येऊन बसलो की सहा महिन्यांनी तीच दुसऱ्या कुणासाठी माझ्याजवळ पार्सल देणार.

पण आज लावतो फोन. तुम्हीही लावा. मौन झालं की एकेकाने पुढे या, आपलं नाव बघून आपलं पार्सल घ्या आणि घरी पोचायची वाट न बघता इथूनच, या जिन्यातूनच फोन करा. पोचलं म्हणा. नंतर नाही, आत्ता. तो उंबऱ्यात उभा आहे असं समजा आणि चहा विचारू नका.

माझ्या रीतीची दुआ मी सकाळी मागितली, न भांडता मागितली. आता तुमच्या रीतीने उभे राहू या. मोबाईल खाली ठेवा. पोरांना जवळ घ्या. घड्याळ लावून मौन नको, ज्याला जेवढं उभं राहावंसं वाटेल तेवढं उभं राहा.

विनायक, सगळ्यांचं पोचलं रे. माझंही पोचलं. जा तू आता.